मुलीच्या नावाने बोललेला नवस

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळली म्हणजे सांगितलीच नाही असं नव्हे. पुष्कळदा सांगितली, पण दर वेळी मला सोयीची करून. लग्नात, मुलांच्या मुंजीसारख्या बार मिट्झ्वात, सिनगॉगच्या अंगणात कुणी विचारलं की तुमची मुलगी शिकायला रोमेनियात कशी काय गेली, तर मी म्हणायचो, "हट्टी होती. भारतात सगळी सोय केली होती मी, ऐकली नाही." ऐकणारे माना हलवायचे. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींत हट्टी मुलीच्या बापाला लगेच सहानुभूती मिळते.

आता त्या ऐकणाऱ्यांतले निम्मे राहिले नाहीत. उरलेल्यांनी तरी खरं काय ते वाचावं म्हणून लिहितो आहे. मराठीत लिहितो आहे, कारण त्या दिवशी जे बोललो ते मराठीत बोललो. मुलीला देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही इस्रायलमध्ये बेर्शेबाला राहत होतो, अजूनही मी तिथेच राहतो. मुंबईत मी गिरणीच्या स्टोअरमध्ये होतो, इथे बसच्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये लागलो. नट-बोल्ट तेच, फक्त मागणाऱ्यांची भाषा बदलली. मुलगी एकुलती एक. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून नुकतीच घरी आली होती. सैन्यात ती दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली मदतनीस होती आणि तिथेच तिच्या डोक्यात बसलं की आपण हेच करायचं. लोक रडत येतात आणि जाताना आभार मानतात, असं दुसरं काम कुठलं, असं ती आईला विचारायची. बायको म्हणायची, सुईणीचं.

इस्रायलमध्ये दातांची डॉक्टरकी शिकवणारी ठिकाणं दोनच. एक जेरुसलेमला, एक तेल अवीवला. तिथे जायचं तर शाळेचे मार्क चांगले हवेत, वर सायकोमेट्रिक, म्हणजे प्रवेशाची परीक्षा हवी. ती एकदा देऊन झाली होती आणि गुण थोडे कमी पडले होते. थोडेच, पुन्हा बसली असती तर मिळण्यासारखे. तिचं म्हणणं होतं की वसंतात परत परीक्षा द्यावी, इथल्या दोन्ही ठिकाणी अर्ज करावा, आणि नाहीच जमलं तर हाताशी असावं म्हणून हंगेरीत आणि रोमेनियात अर्ज टाकून ठेवावा. तिच्यासारखी पुष्कळ मुलं तिकडे जात. परत आल्यावर आरोग्य खात्याची परीक्षा दिली की इथे काम करता येई. कुठल्या शहरातली पदवी इथे चालते, कुठली चालत नाही, ही सगळी चौकशी तिने स्वतः केली होती. माहितीपत्रकांची पाकिटं फ्रिजवर रचलेली असायची आणि फ्रिजचं दार जोरात लावलं की जेरुसलेम आणि बुडापेस्ट एकदमच खाली पडायची.

त्या पाकिटांत मी एक घातलं. ठाण्याहून जाता येईल अशा मुंबईकडच्या कॉलेजांचं. माझ्या मोठ्या भावाने पाठवलं होतं.

भावाबद्दल सांगायला हवं. मी इकडे आलो तेव्हा आईला त्याच्याकडे ठेवून आलो. ती म्हणाली होती, तू जा, मी मागाहून येते. ती आली नाही आणि तिच्या शेवटच्या आजारात मी गेलो नाही. भावाला मूलबाळ नव्हतं. ठाण्यात आमच्या लोकांची घरं एकेक करून रिकामी होत होती आणि तो मात्र हलला नाही. फोनवर तो कधी तक्रार करत नसे. फक्त एवढंच म्हणाला होता, "पोरगी शिकायची म्हणते ना, मग पाठव की इकडे. आईची खोली रिकामीच आहे."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, देणं फेडायची वाट सापडली. मी गेलो नाही, पण माझी मुलगी जाईल, त्या खोलीत राहील, भावाला म्हातारपणी घरात माणूस होईल. ही वाट दुसऱ्या कुणाच्या पायाखालून जाते आहे, हे तेव्हा सुचलंच नाही.

मुलीला मी हे सांगितलं नाही. तिला सांगितलं की तिथे शिक्षण चांगलं, घरचं जेवण, भाषेची अडचण नाही. ती हिब्रूत उत्तरली, आमच्या घरात ती नेहमी हिब्रूत बोलायची आणि आम्ही मराठीत, की भाषेची अडचण तिला आहे, मला नाही. मग जरा मऊ होऊन म्हणाली, "अब्बा, तिथे मी कुणाची तरी पुतणी असेन. मला विद्यार्थिनी व्हायचं आहे." तिच्या लेखी भारत परदेशांत मोडत होता, हंगेरी-रोमेनियासारखाच आणखी एक. माझ्या लेखी नव्हता. आमचं भांडण खरं तर एवढ्यावरच होतं. पण आम्ही भांडायचो ते पाकिटं फ्रिजवर ठेवावीत की कपाटात, यावर.

त्या हिवाळ्यात घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. ती गणिताची पुस्तकं घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसे आणि मी आत गेलो की उठून स्वतःच्या खोलीत जाई. अर्जांच्या मुदती जवळ येत होत्या. बायको दोघांच्या मधे उभी राहून भाजी ढवळायची.

मलिदा, आमच्याकडचा आभाराचा प्रसाद, करायचं बायकोनेच काढलं. मुलगी सैन्यातून सुखरूप परत आली, त्याचे आभार राहिले होते. तू बिश्वात, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाचा सण, आलाच होता, आणि आमच्याकडे तो एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया नबीचा दिवस. शेजारपाजारचे, सिनगॉगचे, किर्यात मलाखीहून बायकोची मावशी, असे वीस-पंचवीस लोक आले. बायकोने सकाळपासून पोहे भिजवून साखर, खोबरं, वेलची घालून ढीग रचला, भोवती खजूर, केळी, सफरचंदाच्या फोडी. सिनगॉगच्या हझानने, आमच्या प्रार्थना चालवणाऱ्याने, प्रार्थना म्हटली, आम्ही सगळ्यांनी एलियाहूचं गाणं म्हटलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मुलगीसुद्धा आईच्या हाताखाली ताटं भरत होती आणि पुष्कळ दिवसांनी गुणगुणत होती.

इथे एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. इस्रायलमध्ये कुणी काही कबूल केलं की पाठोपाठ "ब्ली नेदेर" म्हणतो. म्हणजे, हे मी बोललो, पण नवस म्हणून धरू नका. तोंडातून निघालेला शब्द देवापुढे बांधला जातो, म्हणून ही पळवाट. प्लंबर उद्या येतो म्हणताना ब्ली नेदेर म्हणतो आणि मग येत नाही. इथे आल्यावर आम्हीही ते शिकलो. आमच्या लोकांना नवसाचं भय आधीपासून होतंच. मलिद्याच्या ताटापुढे बोललेला नवस फेडला नाही तर काय होतं, याच्या गोष्टी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

ताटं वाटायच्या आधी मावशीने विचारलं, मलिदा कशाबद्दल ते सांगा की. बायको म्हणाली, पोरगी परत आली म्हणून. आणि मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "आणखीही एक आहे. माझी मुलगी भारतात जाऊन, माझ्या भावाच्या घरी राहून, दातांची डॉक्टर होणार. होऊन आली की एलियाहू हन्नाबीचा मलिदा याच घरात पुन्हा करीन. हा माझा नवस."

बायको माझ्या मागेच उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, ब्ली नेदेर म्हणा."

मी ऐकलं. इतकी वर्षं मी सांगत आलो की गडबडीत राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. ते दोन शब्द माझ्या जिभेवर होते आणि मी ते गिळले, कारण ते म्हटले असते तर मुलीला पळवाट राहिली असती. मला ती बुजवायची होती. घरात मी तिला हरवू शकत नव्हतो. वीस-पंचवीस माणसं आणि एक नबी माझ्या बाजूने उभे केले.

मावशी लगेच म्हणाली, "पहिली कवळी माझी हो, आत्ताच सांगून ठेवते."

हझान म्हणाला, "तुम्हाला कवळी नको मावशी, कुलूप लागेल."

सगळे हसले. मुलीच्या हातात केळ्यांचं ताट होतं. ती ते घेऊन एकेकासमोर वाकत गेली, प्रत्येकाने तिला आशीर्वाद दिला, आणि तिने प्रत्येकाला "आमेन" म्हटलं. चारचौघांत तिने माझा शब्द खाली पडू दिला नाही. माझ्यापुढे आली तेव्हा ताट धरून उभी राहिली. मी केळं उचललं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. त्याचा आवाज एकदम तरुण झाला. म्हणाला, मी उद्याच कॉलेजात जाऊन येतो, परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा असतात, विचारतो. पुढच्या फोनला त्याने खोलीला रंग लावायला काढला होता.

 आठवड्याने एका संध्याकाळी मुलीने फ्रिजवरून सगळी पाकिटं खाली काढली, आमच्या दोघांसमोर टेबलावर ठेवली आणि जेरुसलेमचं, तेल अवीवचं आणि ठाण्याचं उचलून बाजूला केलं. ती शांत होती. तेच मला सहन झालं नाही. मी विचारलं, इथली का काढलीस, परीक्षा द्यायची होती ना तुला.

ती मराठीत बोलली. इतकं लांब मराठी ती माझ्याशी त्याआधी कधी बोलली नव्हती. अडखळत, एकेक शब्द शोधत. "इथे राहिले तर सगळे बघतील, नवस मोडला ती हीच. तिथे गेले तर तुमचा नवस फेडायला गेले. जिथे कुणी बघणार नाही तिथे जाते."

बायको म्हणाली, "अगं पण परीक्षा तरी दे. इथेच मिळालं तर घरी राहशील."

"ईमा, आता इथे नको."

वसंतातल्या परीक्षेला ती बसली नाही. हंगेरीच्या कॉलेजचं उत्तर लांबलं, रोमेनियाचं आलं. तिने ते घेतलं. रोमेनियात जायचं असं तिने कधीच ठरवलं नव्हतं. ते यादीतलं शेवटचं नाव होतं. मी बाकीची सगळी खोडली, म्हणून ते उरलं.

भावाला सांगायचं होतं. तेव्हा मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली, मला सोयीची. म्हणालो, पोरगी ऐकत नाही, इथल्या मुली अशाच, आपल्या हातात काही राहिलं नाही. तिने कधी हो म्हटलंच नव्हतं, हे मी सांगितलं नाही.  तो म्हणाला, "खोलीला रंग देऊन झाला रे." पुढे तो दर फोनला सगळ्यांची खुशाली विचारायचा, तिची विचारायचा नाही. मी ते तसंच राहू दिलं.

इथवरचं वागणं एक वेळ रागातलं म्हणून सोडून देता येईल. पुढचं येत नाही.

रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, जवळ आलं की लोक सिनगॉगमध्ये जाऊन वर्षभरात चुकून बोललेले नवस सोडवून घेतात. तिघे जण न्यायाधीशासारखे बसतात, आपण पुढे उभं राहून म्हणायचं, मी बोललो त्याचा मला पस्तावा होतो, मला मोकळं करा. ते तीनदा म्हणतात, तू मोकळा आहेस. संपलं. मुलीचं विमान त्याच आठवड्यात होतं. पहाटेची प्रार्थना झाल्यावर मी हझानला बाजूला घेतलं आणि माझ्या नवसाचं काय ते विचारलं. त्याला तो मलिदा आठवत होता.

तो म्हणाला, "मुलीने हो म्हटलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कसला नवस? दुसऱ्याच्या पायांनी नवस चालत नाही. तुमच्या तोंडचा मलिदा तेवढा तुमचा, तो सोडवून देतो. तिच्यावर काही नाही." आणि वर म्हणाला, "तिला सांगा, प्रवासाला निघते आहे. मनात ठेवून जाऊ नये."

दोघांना हाक मारून त्याने बसवलं. मी म्हणायचं ते म्हटलं. तिघांनी तीनदा म्हटलं, मोकळा. चहा गार व्हायच्या आत सगळं उरकलं.

घरी आलो तर मुलगी बैठकीच्या खोलीत सूटकेसवर गुडघा टेकून चेन ओढत होती. बायकोने आत लोणच्याची बरणी कोंबली होती आणि चेन तिथेच अडत होती. मी दुसऱ्या बाजूने झाकण दाबलं. चेन लागली. आमची तोंडं हातभर अंतरावर होती. एवढंच म्हणायचं होतं की तो नवस आता नाही, खरं तर कधी नव्हताच. पण ते म्हटलं असतं तर माझ्या रागाला उभं राहायला जागा उरली नसती. वर तिने विचारलं असतं, मग बोललात कशाला. मी म्हटलं, "जड झाली आहे." ती म्हणाली, "हो."

ती गेली. सहा वर्षं तिने त्या थंडीत काढली. सुट्टीत यायची, आईजवळ झोपायची, परत जायची. पदवी घेऊन आली आणि आरोग्य खात्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाली. तशी पुष्कळ होतात. त्याच सुमारास बायकोच्या साखरेने उचल खाल्ली आणि पायाचं ऑपरेशन झालं. पुढे नात्यातल्या एका लग्नात आम्ही सगळे एका टेबलावर बसलो होतो, तेव्हा मावशीने मुलीचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हटलं, "नवस अर्धा राहिला ना बाळ, की असं होतं. आईच्या जिवावर निघतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. विचारत असल्यासारखं पाहिलं. तेवढी एकच वेळ अशी होती की माझ्या एका वाक्याने टेबलावरच्या सगळ्यांसमोर ते ओझं उतरलं असतं, जसं सगळ्यांसमोर चढवलं होतं. मी ताटातला मासा सोडवत राहिलो. त्याला काटे नव्हते.

त्यानंतर दर तू बिश्वातला बायको वाटीभर पोहे भिजवायची. कुणाला बोलवायची नाही. खिडकीपाशी वाटी ठेवून स्वतःच प्रार्थना पुटपुटायची, येईल तेवढी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरीचं राहिलेलं आहे, मी थोडं थोडं फेडते." मी तिलाही सांगितलं नाही. नसलेलं देणं ती चार वर्षं फेडत होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होतो. ती गेली त्या वर्षीही वाटी भिजवून झाली होती.

मुलगी दुसऱ्या खेपेला पास झाली. आता पेताह तिक्वाला तिचा दवाखाना आहे, नवरा आहे, दोन मुलं आहेत. लोक म्हणतात, सगळं चांगलंच झालं ना शेवटी. झालं. पण पुढे ती जेरुसलेमला शिकलेल्या डॉक्टरांबरोबर काम करायला लागली तेव्हा एकदा सहज म्हणाली, "मला वाटतं, ती वसंतातली परीक्षा मी पास झाले असते तेव्हा." तक्रार म्हणून नाही, जेवताना मीठ मागावं तशी. मी तिच्याकडे मीठ सरकवलं.

बायको गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझी दाढ दुखायला लागली. मुलीने फोनवर हुकूम सोडला, दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, इथे या. बसमध्ये मी पूर्ण वेळ वाक्य जुळवत होतो. कुठून सुरुवात करायची, मावशीपासून की सूटकेसपासून. दवाखान्यात पोचलो तोपर्यंत सगळं पाठ झालं होतं. तिने मला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला. तोंडावर मास्क, वर फक्त डोळे, आईचे. मी म्हटलं, "तुला एक सांगायचं होतं."

"आधी तोंड उघडा, अब्बा."

सुई दिली. जीभ, ओठ, अर्धा गाल माझा राहिला नाही. दाढ तिने हलक्या हाताने काढली, मला कळलीही नाही. कापसाचा बोळा दाबून बसवला आणि म्हणाली, "घट्ट चावून धरा. बोलायचं नाही." बाहेर दुसरा पेशंट थांबला होता, तरी ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली, पांढरा कोट तसाच अंगात. बस दिसली तेव्हा तिने विचारलं, "काय सांगायचं होतं?"

मी गालाकडे बोट केलं. ती हसली. "घरी पोचलात की फोन करा."

पोचलो, फोन केला. बोळा केव्हाच काढला होता, ओठही परत माझा झाला होता. तिने हॅलो म्हटलं आणि थांबली. मागे मुलांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "पोचलो."

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य अजून पाठ आहे. नवस माझा होता, तुझ्यावर तो कधी नव्हताच, तू निघालीस त्याच आठवड्यात मी तो सोडवून घेतला होता आणि तुला सांगितलं नाही. मला माफ कर.